पाळीवर पोरं असेतोवर

१४ सप्टेंबर १९५३, सोमवार

टोल्याचं, तलावापलीकडच्या वस्तीचं, आजही कोणी आलं नाही. टाटपट्टीची खिडकीकडची बाजू रिकामी. गावची पोरं आली, पण गुपचूप बसली. माझ्या शाळेत पोट्टे गुपचूप बसले की समजावं, बाहेर काही बिघडलंय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तलावाच्या तुडुमावर, पाणी सोडायच्या दारावर, जे झालं, त्याचंच हे. मालगुजार होता तोवर तो म्हणेल त्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी जायचं. मालगुजारी गेली, मालगुजारबुवा नागपूरला जाऊन बसले, तलाव सरकारचा झाला आणि सरकार कुठं राहतं ते इथं कोणालाच ठाऊक नाही. पाणी आधी गावच्या धानाला की टोल्याच्या? काठ्या निघाल्या. गावच्या बिसनचा डावा डोळा गेला. त्याबद्दल टोल्याच्या जैरामला शिपाई दोरी लावून चांद्याच्या तुरुंगात घेऊन गेले.

बिसनचा गोविंदा चौथीत. जैरामची तुळसी चौथीत. दोघं एका पट्टीवर बसत.

माझं जेवण बघणाऱ्या सरूबाईने भात-वरण झाकून ठेवलं होतं, गेलं नाही.

१५ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत पोरं खेळत होती. काय खेळता रे? तर "तुडूम-तुडूम". दोन बाजू, हातात काठ्या म्हणून सनकाड्या, मधे एक दगड. एकाने डोळ्यावर हात धरून पडायचं. जो पडला होता तो गोविंदा. स्वतःच्या बापाचं सोंग आणत होता आणि बाकीचे हसत होते.

डोकं फिरलं. छडी घेऊन धावलो. सगळे पांगले, गोविंदा तिथंच पडून राहिला. छडी उगारलेली पाहून त्याने जे तोंड केलं ते मी बघितलं आणि छडी खाली ठेवली. दुपारी छपरात खोचून टाकली. किती दिवस राहते बघू, माझा स्वभाव मला माहीत आहे.

१६ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर टोल्यावर गेलो. रस्ता तलावाच्या पाळीवरूनच, बांधावरूनच आहे. एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला टोला, मधोमध पाळीखाली माझी शाळा आणि शाळेच्या बरोब्बर डोक्यावर तुडूम. कोणा शहाण्याने जागा निवडली कोण जाणे.

तुडुमाशी गावचे चार-सहा जण बसलेले, समोर टोल्याचे. काठ्या मांडीवर. दुसऱ्याने तुडुमाच्या भोकातला दट्ट्या उपसून पाणी नेऊ नये म्हणून दोघांचाही पहारा. तंबाखू मळतात, एकमेकांशी बोलत नाहीत. मी मधून गेलो तर दोन्हीकडून "रामराम गुरुजी". माझ्यापुरती दोघांची जीभ शाबूत आहे.

सीताराम भेटला. जैरामचा मोठा भाऊ, टोल्यात त्याच्या शब्दाबाहेर कोणी नाही. खाट टाकली, पाणी दिलं.

"पोट्टे काऊन धाडू जी? वाटेत ते बसून राह्यले. आज शिवी देते, उद्या दगड मारते. माझ्या भावाची पोरगी हाये, तिले काई झालं तर भावाले काय सांगू?"

खोटं नव्हतं. तेवढ्यात दाराआडून तुळसीचा आवाज, "गुरुजी, त्रैराशिक झालं का तुमचं?" म्हटलं, नाही, तुझ्यासाठी ठेवलंय. आतून तिच्या आईने तिला ओढली असावी, दार लागलं.

त्या पोरीला गणित येतं म्हणजे खरंच येतं. चैत्रात चौथीची परीक्षा. पास झाली तर मी स्वतः सावली गावाला नेऊन पुढच्या शाळेत घालीन, असं जैरामला बोललो होतो. जैराम हसला होता आणि हो म्हणाला होता. आता तो आत आणि ही घरात. माझ्या हातून तेवढं तरी व्हावं.

१९ सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा. पोरांच्या वाटेपुरती पाळ मोकळी ठेवायची असं दोन्हीकडून लिहून घ्यावं, हे डोक्यात आलं, सरूबाईला सांगितलं. सरूबाई दोन्हीकडची सुईण आहे, गावात राहते, पण टोल्याची अर्धी पोरं तिनेच काढली. तिला अजून कोणी अडवत नाही.

म्हणाली, "कागदावर नोका लिवू गुरुजी. कागद कोन पाह्यते? मातामायपुढं घ्या त्याईच्याकडून शब्द. तिथचा शब्द कोनी मोडत नाई इथी."

मी कागदच लिहिणार होतो. मातामाय ही दोन्हीकडची गावदेवी, हे सुचलंच नव्हतं.

२० सप्टेंबर, रविवार

दिवसभर नुसता इकडून तिकडे. दादाजी मुकद्दम गावचा. बोलायला गोड, ऐकायला बहिरा. शेवटी म्हणाला, "पोरायचं हाये म्हून येतो. धानाचं बोलन्यात नाई."

सीतारामही येतो म्हणाला. त्यानेही तेच बजावलं, धानाचं बोलायचं नाही.

२१ सप्टेंबर, सोमवार

झालं. मातामायच्या ओट्यावर, दोन्हीकडची माणसं, हळद-कुंकू, नारळ. शब्द मीच सांगितले, दादाजीने आणि सीतारामने दगडावर हात ठेवून म्हटले. शाळेची घंटा वाजली की पाळ मोकळी करायची. पाळीवर पोरं असेतोवर कोणी बाप्या की बाई पाळीवर चढणार नाही. शेवटचं पोरगं घरी पोचलं की मग तुमचं तुम्ही. सकाळी तसंच, दुपारी तसंच.

बिसन मागे उभा होता, डोळ्यावर फडकं. ओट्याला हात त्यानेही लावला, मी पाहिलं.

घरी येऊन भात पोटभर खाल्ला.

२२ सप्टेंबर

आले! टोल्याचे सगळे आले. मोहाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा, हीच आमची घंटा, मी बडवला आणि तुडुमावरची माणसं उठली. गावची गावाकडे उतरली, टोल्याची टोल्याकडे. पाळ रिकामी. मग टोल्याच्या टोकाकडून रांग. पुढे तुळसी, पाठीला दप्तर, बोटाला एक शेंबडं पोरगं. मान वर करून चालत होती. मला भरून आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

वर्गात तुळसी आणि गोविंदा आपल्या जागी बसली. मधे हातभर जागा सोडून. जागा बदलायच्या नाहीत, हे मी ठरवलंय. बाहेर सगळं हललंय, आत जो जिथं बसत होता तिथंच बसेल.

२५ सप्टेंबर

दोघांतली जागा आता वीतभर. गोविंदाची पाटी फुटली, तुळसीने आपल्या पाटीचा अर्धा भाग त्याला लिहायला दिला. मधे खडूची रेघ ओढून. रेघ त्याने ओलांडली तर चिमटा.

बारकी पोरं दाराचा आवाज झाला की दचकतात. म्हणून दार उघडंच ठेवतो. रोज सकाळी आधी तेच, प्रार्थना, मग पाढे, मग झाडांना पाणी. नवीन काही नाही. नवीन म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. दुपारी गोष्ट सांगतो. गोष्टीत मारामारी आली की राजाला झोपवून टाकतो. पोरं म्हणतात, गुरुजी, तुमचा राजा लय झोपते. म्हटलं, शहाणा राजा आहे.

गोविंदाने आज विचारलं, "गुरुजी, डोळा परत उगवते का?" मी नाही म्हणालो. खोटं सांगायला हवं होतं का? कळत नाही.

२९ सप्टेंबर

डिप्टी साहेब तपासणीला आले. सायकल ढकलत, घामाघूम. पोरं पाहिली, खूश. छडी दिसत नाही म्हणाले. म्हटलं, हरवली. मग जाताना बाजूला घेऊन म्हणाले, "गावच्या भानगडीत पडू नका मास्तर. बदली पाहिजे तर सांगा, सौभाग्यवती ब्रह्मपुरीला आहेत, दिवस भरत आलेत, तिकडचं बघू."

सौ.चा चेहरा समोर आला. हो म्हणायचं होतं. पोरं खिडकीतून बघत होती, साहेबांच्या सायकलीकडे नाही, माझ्याकडे. विचार करून सांगतो म्हणालो. साहेब म्हणाले, तहसीलदार दसऱ्यानंतर येऊन पाण्याचं ठरवणार आहेत, तोवर सांभाळा.

दसऱ्यापर्यंत धान कोण सांभाळणार?

२ ऑक्टोबर

हस्त लागून इतके दिवस झाले, थेंब नाही. आभाळ कोरडं. धान पोटरीला आलाय, आता पाणी नाही मिळालं तर दाणा न भरता पळंज होणार, हे मलासुद्धा दिसतं. बांधीत भेगा. तलावात पाणी आहे, पण एकाच बाजूला पुरेल एवढं. दोन्हीकडची माणसं रोज ते पाणी बघत बसतात.

आज सुट्टी, घंटा नाही. दिवसभर पाळीवर माणसं. कोणी हलत नव्हतं. एवढी शांतता मला बाधते.

५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दादाजी मुकद्दम शाळेत आला. आज गोड बोलला नाही.

"टोल्याच्या बांधीत पानी कुठून आलं गुरुजी?"

"मला काय विचारता?"

"आमी रातभर बसलो. दिवसा बसलो. फक्त तुमची घंटा वाजली का उठलो. मंग पानी कवा गेलं?"

शब्द मीच घेतला होता की पाळीवर कोणी चढणार नाही. घंटेनंतर मी दारात उभा असतो, पाळ मला दिसते. कोणी माणूस चढला नाही, हे मी मातामायपुढं सांगायला तयार आहे, म्हटलं. दादाजी निघून गेला. ऐकून घेतलं, पटलं नाही.

६ ऑक्टोबर

पाहिलं.

शाळा सुटली, घंटा दिली, दारात उभा राहिलो. गावची पोरं गेली. टोल्याची पाळीवर चढली. नेहमी मी तेवढ्यावर आत वळतो, झाडलोट करतो. आज नाही वळलो.

तुळसी तुडुमाशी थांबली. बाकीचे तिच्याभोवती. दप्तरं खाली ठेवली. सगळ्यांनी मिळून दट्ट्याच्या बांबूला हात घातला आणि टोल्याच्या पाटाचा दट्ट्या वर ओढला. शेंबड्यासकट. पाण्याचा आवाज मला खालपर्यंत आला. मग सगळे तिथंच बसले, पाय हलवत. सूर्य कलेपर्यंत बसले. मग दट्ट्या बसवला आणि घरी गेले.

मी दारातच उभा होतो.

७ ऑक्टोबर

तुळसीला एकटीला थांबवलं. विचारलं. लगेच सांगितलं, लपवलं नाही.

"काका म्हनते हळू जा. बसून राहा. तुमी पाळीवर हा तोवर कोनी येत नाई म्हनते." मग जरा थांबून, "आमचा धान मरून राह्यला होता जी."

तिला घरी जा म्हटलं.

तसाच सीतारामकडे गेलो. तळपायाची आग मस्तकात. अंगणात उभं राहूनच बोललो. शब्द मोडला म्हटलं, मातामायची तरी लाज धर.

तो उठलाही नाही. "शब्द कुठी मोडला गुरुजी? कोनी बाप्या चढला नाई. बाई चढली नाई. तुमीच सांगतलं, पोरं चालते. पोरं चालली."

"पोरांना वाचवायला होतं ते!"

"मंग वाचलीच ना. कोनी हात लावला काय त्याईले?"

बाजूला बसलेली माणसं मान हलवत होती. त्यांना खरंच वाटतं की शब्द पाळलाय. खोटं बोलत नाहीत, हेच भयंकर आहे. आणि शब्द मीच सांगितलेले.

परत येताना बांधीत धान बघितला. टोल्याचा हिरवा झालाय. गावचा पिवळा.

८ ऑक्टोबर

गावाला कळलं. कळणारच होतं.

आज घंटा झाल्यावर गावची पोरं घराकडे गेली नाहीत. तीही पाळीवर चढून तुडुमाशीच थांबली. गोविंदा पुढे. टोल्याच्यांनी आपला दट्ट्या ओढला, यांनी आपला. मग तुडुमाच्या दोन बाजूंना दोन घोळके बसले. कोण आधी उतरतो ते बघत. खाली पाळीच्या दोन्ही टोकांना मोठी माणसं उभी, काठ्या टेकून, शहाण्यासारखी. शब्द पाळत.

मी पाळीवर चढायला निघालो, तर गावच्या बाजूने एकजण धावत आला. "गुरुजी, नोका चढू. तुमी बी बाप्याच हा." टोल्याच्या बाजूनेही कोणीतरी तेच ओरडलं. एवढ्या दिवसांत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते यावर.

खालून, चिखलातून, पाळीला लागून चालत राहिलो आणि पोरांना हाका मारत राहिलो. घरी चला रे. कोणी उतरलं नाही. सरूबाई टोल्याकडून येत होती, तिनेही खालूनच हाका मारल्या, तिलाही चढता येत नव्हतं. "अवं तुळसे, मीच वं तुले जगात आनली, उतर खाली!" तुळसीने तिच्याकडे बघितलं नाही. अंधार पडायला लागल्यावर दोन्हीकडची एकदमच उठली, म्हणून बरं.

९ ऑक्टोबर

घट बसले. आज घंटा द्यायचीच नाही, असं ठरवलं होतं. पोरांना नुसतं म्हटलं, जा घरी. तर कोणी जागचं हलेना. गोविंदा म्हणाला, "घंटा नाई वाजली तर पाळीवर मानसं राह्यते. मग आमी कसे जाऊ?"

बरोबर आहे त्याचं. घंटा दिली तर पोरं पाळीवर लढायला बसतात, नाही दिली तर काठ्यांमधून जातात. मीच बांधलेली गाठ, मलाच सुटेना. घंटा दिली.

मनात एकसारखं येतं, साहेबांना हो म्हटलं असतं तर. सौ. आज असती तर काय म्हणाली असती? हेच, की आधी जेवून घ्या.

१० ऑक्टोबर, शनिवार

वर्गात दोघांतली जागा परत हातभर. तुळसीच्या पाटीवरची रेघ पुसलेली. गोविंदा फुटक्या पाटीवरच लिहितो.

गोष्ट सांगायला घेतली तर मागून आवाज आला, "राजाले झोपवू नोका." कोणी हसलं नाही. मी गोष्ट अर्धी सोडली.

मातामायपुढं नवा शब्द घेऊ या, पोरांनीही तुडुमाला हात लावायचा नाही असा, म्हणून दोन्हीकडे निरोप पाठवला सरूबाईबरोबर. दादाजी म्हणाला, टोल्याचं पाणी आधी परत घाला. सीताराम म्हणाला, पाणी परत जात असते काय जी?

१२ ऑक्टोबर, सोमवार

गोविंदाचं डोकं फुटलं.

घंटेनंतर. मी खालीच होतो, चिखलात. गावच्या पोरांनी टोल्याचा दट्ट्या ठोकून घट्ट केला, टोल्याची ओढायला गेली, झोंबाझोंबी, आणि दगड. कोणी मारला ते मी पाहिलं. तुळसीने. दगड मारल्यावर ती हात तसाच वर धरून उभी राहिली, जणू तो कोणा दुसऱ्याचा.

गोविंदा घरंगळत खाली आला, माझ्या पायाशी. उचलून शाळेत नेला. सरूबाईने हळद भरली. शुद्ध आहे, बोलतो, पण डोळे फिरवतो. माझ्या धोतराला त्याचं रक्त. पोरगं रडलं नाही. मी रडलो. लिहायला लाज नाही वाटत.

वर पाळीवर एक पोर नव्हतं. दोन्ही टोकांची माणसं मात्र तिथंच. कोणी चढलं नाही.

१३ ऑक्टोबर

टोल्यावरून कोणी येणार नाही, असं धरून चाललो होतो. तर प्रार्थनेच्या वेळी तुळसी दारात. एकटी. शाळेमागच्या बांधीतून आली होती, पाळीवरून नाही, गुडघ्यापर्यंत चिखल. आत आली नाही. उंबऱ्यावरून विचारलं, "वाचला का जी तो?"

वाचला म्हटलं. घरी आहे, उद्या येईल. ती आत येऊन आपल्या जागी बसली आणि डोकं खाली घातलं. सबंध दिवस. त्रैराशिक मांडून दिलं. तिने सोडवलं. उत्तर बरोबर होतं.

दुपारी बिसन आला. शाळेच्या पायरीवर बसला, कुऱ्हाड बाजूला ठेवून. म्हणाला, जंगलात चाललो होतो, वाटेत बसलो. मग उजव्या डोळ्याने आत बघत राहिला.

"गुरुजी, त्या पोरीले जरा बाहीर धाडा."

"का?"

"काई करत नाई. फक्त पाह्यतो तिले."

नाही म्हणालो. वर्ग चालू आहे म्हणालो. तो बसून राहिला. मी फळ्यावर लिहीत राहिलो. शेवटी उठला. कुऱ्हाड खांद्याला लावली आणि जंगलाकडे नाही, गावाकडे गेला.

तुळसीला मी स्वतः बांधीतून टोल्यापर्यंत पोचवलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मी मुद्दाम नाई मारला." मग थोडं पुढे गेल्यावर, "मारला. मुद्दाम."

सीतारामला हात जोडले. म्हटलं, बिसन कुऱ्हाड घेऊन बसला होता. तो म्हणाला, "मंग आमी बी तयार हाओ." हे ऐकायला मी हात जोडले होते!

१४ ऑक्टोबर, बुधवार

हे वर्गात बसून लिहितो आहे. पोरं समोर आहेत, लेखन करतायत.

सकाळी सगळी आली. दोन्हीकडची, सगळी. टोल्याचीही रोजच्यासारखी पाळीवरून, घंटेनंतर. तेव्हाच मला कळायला हवं होतं. गोविंदाही आला, डोक्याला फडकं बांधून, बापासारखं. कोणी त्याला पाठवलं असं विचारलं तर म्हणाला, "बा म्हने, आज शाळा चुकवायची नाई. शाळेतच राह्य."

तुळसीला विचारलं. तिलाही काकाने तेच सांगितलंय.

दोघांनीही आपली पोरं आज माझ्याकडे ठेवायला दिली आहेत. म्हणजे घरं मोकळी. म्हणजे आज काठ्या चालायचं ठरलंय.

दुपारी कोतवालाला ठाण्यावर पाठवला. नाला ओलांडून जायचं, मग पायवाट. पोचला असेल किंवा नसेल. पोचला तरी शिपाई कधी निघतील, कधी येतील, काही सांगता येत नाही.

दुपार कलली तशी खिडकीतून पाहिलं. गावच्या टोकाला सगळे उभे. दादाजी, बिसन, बाकीचे. टोल्याच्या टोकाला सीताराम आणि त्याचे. आज काठ्या मांडीवर नाहीत, हातात आहेत. पाळ रिकामी. कोणीच तिच्यावर पाय ठेवत नाही. सगळे शाळेकडे बघतायत.

मग उमगलं. ते घंटेची वाट पाहतायत. सकाळी पोरं पाळीवरून आत आली, अजून घरी पोचली नाहीत. शेवटचं पोरगं घरी पोचलं की मग तुमचं तुम्ही, असं मीच बोललो होतो. तो शब्द ते पाळणार. शाळा सुटेल, पोरं घरी जातील आणि मग.

शाळा सुटायची वेळ केव्हाच होऊन गेली.

घंटा दिलेली नाही. पाढे झाले, उजळणी झाली, झाडांना दोनदा पाणी घातलं. भूगोल झाला. जिल्ह्याच्या नद्या झाल्या. बारक्यांना झोप यायला लागली, त्यांना मागे दप्तरांवर निजवलं. सरूबाई मागच्या बांधीतून येऊन मुरमुरे आणि गूळ देऊन गेली. म्हणाली, "सोडू नोका गुरुजी. शिपाई येतवर सोडू नोका." तिने विचारलंही नाही की का थांबलोय.

किती वेळ धरून ठेवणार? कंदिलात तेल थोडं आहे.

गोविंदा आणि तुळसी पट्टीवर आहेत. मधे हातभर जागा. मघाशी गोविंदाला झापड आली, डोकं तिच्या बाजूला कललं. ती सरकली नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही, पण सरकली नाही.

आत्ता बाहेरून दादाजीची हाक आली. "गुरुजी, सांज झाली. शाळा सोडा आता." मागोमाग दुसऱ्या टोकाकडून सीतारामचीही. तेच शब्द.

पोरांनी लेखण्या थांबवल्या. सगळी माझ्याकडे बघतायत. तुळसीने हळूच विचारलं, "गुरुजी, आता काय शिकवता?"

पहिलीचं पुस्तक हातात घेतलंय. म्हटलं, सगळ्यांनी मोठ्याने वाचा, शाळा सुटली नाही हे बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. वाचतायत.